समुद्राच्या तळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

मालेतल्या आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला समुद्राच्या कायद्याशी काय करायचंय? उत्तर सोपं आहे. ‘हे माझं आहे’ असं माणूस कशाच्या आधारावर म्हणतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. पनवेल, उरण या भागात तर तो प्रश्न घरोघरी आहे. सिडको आली, जमिनी गेल्या, आंदोलनं झाली, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात माणसं गेली, साडेबारा टक्क्यांची योजना आली. या सगळ्यात एक कागद मध्यवर्ती होता, तो म्हणजे सातबारा. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला निदान भांडता तरी येत होतं.

आता समुद्राच्या तळाला सातबारा असतो का? फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजानं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या तळात विहीर खणली आणि तेल लागलं. तेच आपलं बॉम्बे हाय. तिथं पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे, म्हणजे आपल्या कोळी बांधवांच्या मापात चाळीसेक वाव. पण १६० किलोमीटर म्हणजे ८६ सागरी मैल होतात, आणि त्या वेळी भारताची सागरी हद्द होती १२ मैल. मग ७४ मैल हद्दीबाहेर जाऊन आपण कोणत्या हक्कानं खणलं? कोणी येऊन ‘थांबा, ही जागा तुमची नाही’ असं का म्हटलं नाही? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

आधी हद्दींचा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पनवेलची खाडी, ठाण्याची खाडी, मुंबईचं बंदर हे सगळं अंतर्गत पाणी. कायद्याच्या दृष्टीनं ते जवळजवळ जमिनीसारखंच. किनाऱ्याची टोकं आणि बेटं जोडून एक आधाररेषा काढतात, आणि सगळी मोजणी तिच्यापासून बाहेर होते. भारतानं आपल्या सरळ आधाररेषा २००९ मध्ये अधिसूचित केल्या. तिथून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र. इथं भारताचं सार्वभौमत्व आहे. २४ मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र, तिथं जकात, आरोग्य, सुरक्षा यांपुरते अधिकार. २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथले मासे, तेल, वारा, लाटांची ऊर्जा आपली, पण जहाजं कोणाचीही जाऊ शकतात. आणि या सगळ्याच्या खाली असते ती समुद्रबूड जमीन, जिला भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंचही म्हणतात. तिचा हिशेब वेगळा आहे, कारण ती काही ठिकाणी २०० मैलांच्याही पुढे जाते.

ही व्यवस्था काही आकाशातून पडलेली नाही. चारपाचशे वर्षं लोक भांडले, तेव्हा ती झाली. आणि त्या भांडणाची सुरुवात बऱ्याच अंशी आपल्याच किनाऱ्यावर झाली.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी सांगितलं, की अरबी समुद्रात फिरायचं तर आमचा परवाना घ्या. त्याला ते कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. मक्केला जाणाऱ्या मोगलांच्या जहाजांनासुद्धा हे कागद घ्यावे लागत. चौल आणि वसई ही त्यांची ठाणी आपल्या अगदी शेजारची. आता गंमत बघा. १६०३ मध्ये डच लोकांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं. ही जप्ती न्याय्य कशी, हे सांगायला त्यांनी एक तरुण वकील गाठला. त्याचं नाव ह्यूगो ग्रोशियस. त्याच्या लेखनातला एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त समुद्र, या नावानं छापला गेला.

ग्रोशियसचा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवण्यासारखा आहे. तो म्हणतो, मालकी ताब्यातून येते. जमीन कुंपण घालून ताब्यात घेता येते, समुद्र घेता येत नाही. शिवाय समुद्र एकानं वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. म्हणून तो कोणाचाच नाही, म्हणजेच सगळ्यांचा. १६२५ मध्ये सेराफिम द फ्रेइतास यानं पोर्तुगालच्या बाजूनं याला उत्तर लिहिलं, आणि १६३५ मध्ये इंग्लंडच्या जॉन सेल्डननं ‘मारे क्लाऊसुम’, म्हणजे बंद समुद्र, हा उलट ग्रंथ काढला. ज्याचं जहाज पुढे, त्याला समुद्र मुक्त हवा. ज्याचा किनारा धोक्यात, त्याला तो बंद हवा. ही वाटणी आजही फारशी बदललेली नाही.

आणि या वादात आपल्या बाजूचा माणूस कोण, तर सरखेल कान्होजी आंग्रे. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी हातात असलेल्या कान्होजींनी आपला दस्तक सुरू केला. या पाण्यातून जायचं तर आमचा परवाना घ्या, असं त्यांनी सांगितलं. पोर्तुगीज दोनशे वर्षं करत होते तेच. पण पोर्तुगीजांच्या कागदाला परवाना म्हणायचं आणि आंग्र्यांच्या कागदाला चाचेगिरी, असा इंग्रजांचा न्याय होता. १७१३ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला, पुढे तो मोडला, १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली, आणि दोन्हीकडून हात हलवत परतले. इथं आम्हाला अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. मुद्दा एवढाच, की चाचा कोण आणि सार्वभौम कोण, हे ठरवणारा कायदा तेव्हा तयारच नव्हता. ज्याच्या तोफेचा पल्ला, त्याचं पाणी. पुढे युरोपात हीच गोष्ट नियम म्हणून लिहिली गेली, आणि तीन मैलांची सागरी हद्द व्यवहारात रूढ झाली. स्वतंत्र भारतानं ती १९५६ मध्ये सहा मैल केली आणि १९६७ मध्ये बारा.

इथपर्यंतचं सगळं भांडण पाण्याच्या पृष्ठभागाचं होतं. कोण कुठून जाणार, एवढंच. तळाकडे फारसं कोणी बघत नव्हतं, कारण तिथं पोचताच येत नव्हतं.

अर्थात ‘कोणी’ म्हणताना आम्ही सरकारं आणि वकील यांच्याविषयी बोलतोय. कोळी तळाकडे बघतच होते. डोल जाळं लावायचं म्हणजे तळात खुंट ठोकावे लागतात, आणि कोणाचा खुंट कुठं, हे पिढ्यान्‌पिढ्या गावागावांत ठरलेलं असतं. त्यावरून भांडणंही होतात आणि जमातीच्या बैठकीत ती मिटतातही. म्हणजे समुद्राच्या तळावर वहिवाट असते, हे आपल्या किनाऱ्याला माहीत होतं. पण कोणत्याही दफ्तरात त्याची नोंद नव्हती. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

तळाचं राजकारण सुरू झालं २८ सप्टेंबर १९४५ या दिवशी. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केलं, की आमच्या किनाऱ्याला लागून असलेल्या समुद्रबूड जमिनीतली खनिजं आमच्या अखत्यारीत आहेत. वरचं पाणी मात्र खुलंच राहील, असंही ते म्हणाले. कारण उघड होतं, मेक्सिकोच्या आखातात तेल होतं. पण कारणापेक्षा युक्तिवाद महत्त्वाचा. त्यांनी म्हटलं, ही जमीन म्हणजे आमच्याच भूमीचा पुढे गेलेला भाग आहे. ग्रोशियसची मालकी ताब्यातून येत होती. ट्रुमनची मालकी भूरचनेतून आली. लगेच दोन वर्षांत, १९४७ मध्ये, चिली आणि पेरू यांनी सांगितलं, की आमच्याकडे समुद्रबूड जमीन जवळजवळ नाहीच, तेव्हा आम्ही सरळ २०० मैल मागतो. एकानं भूगोलावर बोट ठेवलं, दुसऱ्यानं मोजपट्टी काढली. आजच्या कायद्यात हे दोन्ही एकत्र बसले आहेत.

भारतही मागे नव्हता. ऑगस्ट १९५५ मध्ये राष्ट्रपतींच्या उद्घोषणेनं भारतानं आपल्या समुद्रबूड जमिनीवर हक्क सांगितला. १९६३ मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २९७ मध्ये समुद्रबूड जमीन हे शब्द आले. मधल्या काळात १९५८ मध्ये जिनिव्हाला करार झाला होता. त्यात व्याख्या अशी होती: २०० मीटर खोलीपर्यंत, किंवा त्यापुढेही जिथवर खनिजं काढता येतील तिथवर. या ‘किंवा’मध्येच सगळी गोम आहे. ज्याचं यंत्र जास्त खोल जाईल त्याची जमीन जास्त लांब, असा तो अर्थ झाला. भारत त्या कराराचा सदस्य झाला नाही.

मग १९६९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल आला. पश्चिम जर्मनी एका बाजूला, डेन्मार्क आणि नेदरलँड्स दुसऱ्या बाजूला. वाद उत्तर समुद्राच्या तळाचा. न्यायालयानं सांगितलं, की समुद्रबूड जमीन हा किनारी देशाच्या भूमीचा नैसर्गिक विस्तार आहे, आणि तिच्यावरचा हक्क मुळातच असतो. तो जाहीर करावा लागत नाही आणि ताबाही घ्यावा लागत नाही. आता १९७४ मधल्या ‘सागर सम्राट’चं कोडं सुटतं. १२ मैल ही पाण्यावरच्या सार्वभौमत्वाची हद्द होती. तळावरचा हक्क तिथं थांबत नव्हता. कराराचा सदस्य नसतानाही भारताचा हक्क होताच, कारण तो कराराआधीचा मानला गेला.

आणि भूगोल आपल्या बाजूनं होता. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रबूड जमीन सगळ्यात रुंद आहे ती मुंबई आणि खंबातच्या आखातासमोर. दक्षिणेला कोचीकडे ती बरीच अरुंद होते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे बॉम्बे हाय जिथं आहे, ती जागा तेव्हा कोरडी होती. कोकण तेवढं पश्चिमेला पसरलेलं होतं. ‘नैसर्गिक विस्तार’ हा शब्द वकिली वाटतो, पण इथं तो अक्षरशः खरा आहे.

व्यावसायिक उत्पादन मे १९७६ मध्ये सुरू झालं, पुढे पाइपलाइननं तेल आणि वायू उरणला येऊ लागले. त्याच १९७६ साली संसदेनं सागरी क्षेत्रांचा कायदा केला, चाळिसावी घटनादुरुस्ती झाली, आणि १५ जानेवारी १९७७ पासून २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र लागू झालं. जगाचा करार त्यानंतर, १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे इथं सह्यांसाठी खुला झाला. भारतानं त्याच दिवशी सही केली, आणि १९९५ मध्ये तो अनुसमर्थित केला. या करारानं २०० मैल तर सगळ्यांनाच दिले, आणि जिथं समुद्रबूड जमिनीचा विस्तार त्याहून लांब जातो तिथं काही अटींवर साधारण ३५० मैलांपर्यंत मागणी करायची सोय ठेवली. भारतानं ती मागणी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे मे २००९ मध्ये दाखल केली.

इथं एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो. १२ मैलांच्या आत ‘सार्वभौमत्व’ आहे. त्यापुढे आहेत ते ‘सार्वभौम हक्क’. एका अक्षराचा फरक वाटेल, पण त्यावर खटले झाले. तेलविहिरी खणणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, आमचा रिग भारताबाहेर उभा आहे, मग तिथं वापरलेल्या सामानावर आयात शुल्क कशाला? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारनं नेमून दिलेलं क्षेत्र सीमाशुल्कापुरतं भारताचा भाग ‘मानलं’ जातं, तेव्हा शुल्क भरा. ‘मानलं जातं’ हे महत्त्वाचं. जमीन असते, हद्द मानलेली असते.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सातबारा कोणाच्या नावावर? भारताच्या, हे झालं. पण भारत म्हणजे कोण? अनुच्छेद २९७ म्हणतो, की समुद्राखालची जमीन आणि खनिजं संघराज्याकडे, म्हणजे केंद्राकडे, निहित आहेत. अगदी १२ मैलांच्या आतलीसुद्धा. आसामला, गुजरातला आपल्या जमिनीवरच्या कच्च्या तेलाचं स्वामित्वधन मिळतं. बॉम्बे हायच्या तेलाचं ते महाराष्ट्राला मिळत नाही. नावात मुंबई आहे, उताऱ्यात नाही. अमेरिकेत हाच वाद झाला. १९४७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कॅलिफोर्निया राज्याविरुद्ध निकाल दिला, आणि १९५३ मध्ये काँग्रेसनं कायदा करून तीन मैलांपर्यंतचा तळ राज्यांना दिला. आपल्याकडे तशी वाटणी झाली नाही. माशांचं मात्र उलट आहे. प्रादेशिक समुद्रातली मासेमारी राज्याच्या यादीत, त्यापलीकडची केंद्राच्या यादीत. म्हणजे एकाच बारा मैलांत वरचा मासा राज्याचा आणि खालचं तेल केंद्राचं.

आणि त्या पाण्यात खुंट ठोकणारा? त्याचं नाव कोणत्याच रकान्यात नाही. शेतकऱ्याची जमीन गेली तेव्हा त्याच्याकडे उतारा होता, म्हणून साडेबारा टक्के मागता आले. कोळ्याची खाडी भरावाखाली गेली तेव्हा ‘तुमचं काय गेलं?’ असं विचारलं गेलं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठानं उरण-पनवेल परिसरातल्या कोळीवाड्यांतल्या १,६३० कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई द्यायचा आदेश दिला, त्याचं महत्त्व यातच आहे. त्या प्रकरणाचा पुढचा न्यायालयीन प्रवास हा वेगळा विषय. पण कागद नसला तरी वहिवाट असते आणि ती गेली तर नुकसान होतं, हे एका न्यायपीठानं लिहून दिलं.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात गंभीर. आतापर्यंत काढलेल्या रेषांविषयी बोललो. न काढलेल्या रेषेचं काय होतं?

कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटरची खाडी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं सरपणावरून तंटा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून कच्छचे राव आणि सिंध यांच्यातला हा तंटा मुंबई सरकारपुढे आला. सरकारनं १९१४ मध्ये ठराव करून तो मिटवला. नकाशावर हिरवी रेघ काढली, ती खाडीच्या पूर्व काठानं. पाकिस्तान आज त्या रेघेवर बोट ठेवतो. भारत म्हणतो, रेघ केवळ दर्शक होती. नाव चालण्याजोग्या प्रवाहाचा मध्य हीच हद्द, आणि १९२५ च्या नकाशातले खांब तेच दाखवतात. १९६८ मध्ये कच्छच्या रणाचा लवादी निवाडा झाला, पण सर क्रीक त्यातून बाहेर राहिली. खाडीच्या मुखाशी हद्दीचा बिंदू कुठं, हे ठरत नाही, म्हणून तिथून समुद्रात जाणारी रेषाही ठरत नाही. सरपणाच्या तंट्यासाठी लिहिलेल्या ठरावावर आज हजारो चौरस किलोमीटर समुद्र अडकला आहे.

याची किंमत कोण देतं? आपल्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे कितीतरी लोक गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मासळीमागे जाते, रेषा पाण्यावर दिसत नाही, आणि पाकिस्तानची गस्ती नौका पकडते. मग कराचीचा तुरुंग. आपल्याकडेही तिकडचे मच्छीमार असेच पकडले जातात. २००८ च्या समझोत्यानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या यादीत नाव आलं की घरच्यांना कळतं, माणूस आहे.

आता कायदा काय म्हणतो? १९८२ च्या कराराचा अनुच्छेद ७३ सांगतो, की आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. भारत आणि पाकिस्तान दोघंही त्या कराराचे सदस्य. पण हे कलम लागू होतं आर्थिक क्षेत्रात. बोट १२ मैलांच्या आत पकडली असं म्हटलं की ते लागू होत नाही. आणि आधाररेषेचा बिंदूच वादात असेल, तर आत आणि बाहेर कोण सिद्ध करणार? कायदा आहे, पण तो उभा राहायला रेषा नाही.

कोणी म्हणेल, अशा रेषा ठरतच नाहीत. ठरतात. भारत आणि बांगलादेश यांच्यातला बंगालच्या उपसागराचा वाद लवादाकडे गेला. ७ जुलै २०१४ रोजी निवाडा आला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाच्या वाट्याला गेले. आपल्याला कमी मिळालं, तरी आपण तो मान्य केला. क्षेत्र गेलं, पण अनिश्चितता संपली. हा सौदा वाईट होता असं आम्हाला वाटत नाही.

१९६७ मध्ये माल्टा या छोट्या देशाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत म्हणाले होते, की देशांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ ही मानवजातीची सामायिक ठेव मानावी. ते तत्त्व करारात आलं. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंच्या गोट्यांचं संशोधन करायचा अधिकार भारताकडे आहे, तो मालकीनं नाही, तर आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी केलेल्या करारानं. म्हणजे मालकी न सांगताही तळ वापरायची रीत माणसाला सुचली आहे. पाच हजार मीटर खोल तळासाठी हे जमतं, तर सर क्रीकच्या उथळ पाण्यात निदान खलाशाला तुरुंगात न टाकण्याचा समझोता का जमू नये? हद्द नंतर ठरवा, माणूस आधी सोडा, एवढं तरी दोन्ही सरकारांना रेषेवाचून करता येण्यासारखं आहे. अनुच्छेद ७३ मागचं तत्त्व तेच आहे.

आमचं बोलणं इथं थांबवतो. वेळ थोडा आहे, पण प्रश्न जरूर विचारा. सभागृहात करंजा-गव्हाणकडची मंडळी असतील, तर खुंटांची वहिवाट तुमच्याकडे कशी ठरते, हे आम्हाला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. ते पुस्तकांत फारसं सापडत नाही.